चारशे युनिटं

भाव पडत होता तेव्हा मी तांदूळ निवडत होते.
फोन सुपाच्या काठाला टेकवलेला.
खडा दिसला की काढायचा,
आकडा लाल झाला की थांबायचं.
एकशे बारा. एकशे चार. अठ्ठ्याण्णव.
अठ्ठ्याण्णवला मी पदराला हात पुसले
आणि चारशे युनिटं घेतली.

चौतीस वर्षं सिंदेवाहीच्या पोस्टात
लोकांच्या बचतीवर शिक्के मारले.
पाच वर्षांची बचत, सात वर्षांची,
मुलीच्या लग्नाची, कुणाला न सांगायच्या कामाची.
अंगठ्याला अजून लाखेचा वास येतो.
त्या अंगठ्यानं आता
कोची, उदयपूर, गोवा,
अकरा हॉटेलांच्या जमिनी-भिंती घेतल्या.
म्हणजे माझ्या वाट्याला किती? बसून हिशोब केला.
एका दाराची कडी.
फार तर नळाखालची बादली.
हॉटेलात बादली नसते, निकेश म्हणाला.

निकेशला माहीत. बहिणीचा मुलगा.
कोलारा गेटजवळच्या रिसॉर्टात सहा वर्षं
टॉवेलांचे हंस करायचा.
दोन घड्या, एक पीळ, मग मान वाकवायची.
पलंगावर हंस दिसला की पाहुण्यांची मुलं ओरडायची.
मग पाहुणेच थांबले.
आधी जनरेटर विकला, मग जिप्सी,
मग मालकानं फाटकाला साखळी घातली
आणि निकेश घरी आला
दोन महिन्यांच्या पगाराऐवजी बारा टॉवेल घेऊन.

"काहून घेतलं वं मावशे? बुडत्या धंद्यात?"

मी म्हटलं, बोडीतला गाळ कधी काढतात?
भरली असते तेव्हा?
वैशाखात तळ फुटतो, भेगेत टाच अडकते,
तेव्हाच ना गाव फावडी घेऊन उतरतं?

"बोडी आपली आहे, मावशे.
तिच्यात आपले मासे आहेत.
ते हाटेल कोठं पायलं तू?"

नाही पाहिलं.
हॉटेलात मी एकदाच राहिले, नागपूरला, बर्डीवर,
खात्याच्या ट्रेनिंगला,
रात्रभर चपला उशाशी ठेवून.
सकाळी चादर मीच झटकली, घडी घातली.
पोरगा दारात उभा.
म्हणाला, बाई, ते आमचं काम आहे.

वहीत सगळं लिहिलंय.
कर्ज किती, फेडायला किती वर्षं,
शंभरातल्या एकतीस खोल्या भरलेल्या,
व्याज भरून काही उरतं का.
उरतं. थोडं.
अहवालात त्याचं कारण एका ओळीत आहे:
मनुष्यबळावरील खर्चात बचत.
ती ओळ मी दोनदा वाचली,
पूर्वी तार वाचायचे तशी,
एवढ्या कमी शब्दांत
नेमकं कोण गेलं ते शोधत.

युनिटं मात्र विकली नाहीत.

कार्तिकात पहिली वाटणी आली.
युनिटमागे एक रुपया दहा पैसे,
कर कापून तीनशे शहाण्णव.
निकेश कुणाच्या तरी धानकापणीवरून आलेला,
कानात, भुवयांत तूस.
मी पैसे पुढे केले.
त्यानं पाहिले, हात लावला नाही.
न्हाणीत गेला, हातपाय धुतले,
बारांतल्या एका टॉवेलानं तोंड पुसलं
आणि खाटेवर बसून, सवयीनं,
दोन घड्या,
एक पीळ.
मान मात्र वाकवली नाही.
तसंच ठेवून जेवायला गेला.

रात्री मी खाली सतरंजी टाकली.
सकाळी त्या पाखराला धक्का न लावता
खाटेच्या काठावर टेकले, फोन उघडला.
एकशे एक.